यमुनेचं जेवण

जीप अंगणात उभी होती आणि मी सुंठ, हिरडा, ओवा, वावडिंग यांच्या पुरचुंड्या पिशवीत भरत होतो. माझा धाकटा भाऊ बाळू भाताचं पोतं मागे टाकता टाकता हसला. "दादा, आसनगावला मेडिकल नाय काय रे?" मी म्हटलं, "मेडिकल आहे, पण आपल्याला काय झालंय ते मेडिकलवाल्याला काय म्हाईत?" माझी बायको यमुना आधीच पुढच्या सीटवर बसली होती. गुडघ्यांवर हात ठेवून. आमच्या वैशाखऱ्याचा फाटा मागे पडेपर्यंत ती वळून वळून बघत होती.

बाळू, तुला आणि गावातल्या सगळ्यांना सांगतो, आणि जे आधीच कल्याण-बदलापूरला गेले त्यांनाही. मला यायचं नव्हतं. यमुनेला विहिरीची चढण होईना. मुलगा संतोष म्हणाला, आमच्याकडे आसनगावला चला, शहापूरचा डॉक्टर तिथून जवळ आहे. तिच्या गुडघ्यांसाठी आलो. नाहीतर मला तिथून कुणी हलवलं नसतं.

आपला बा झाडपाल्याचं बघायचा, ते तुला ठाऊक आहे. मी चौथीत शाळा सोडली, पण बाच्या मागे हिंडून जे ऐकलं ते सुटलं नाही. बा म्हणायचा, "वात, पित्त, कफ सगळ्यांत असतात. कुणात काय जास्त, ते आधी बघायचं." यमुना वाताची. अंगाने सुकी, हातपाय गार, झोप कमी, एका जागी ठरणार नाही. मी पित्ताचा. लोक हट्टी म्हणतात, मी म्हणतो प्रकृती आहे. आणि बा म्हणायचा, पोटातला अग्नी चुलीसारखा सांभाळायचा. लाकडं कोंबली तरी विझतो, नाही घातली तरी विझतो. सवय बदलायची तर थोडी थोडी बदलायची. जुनं जरासं कमी करायचं, नवं जरासं घ्यायचं. एकदम बदललं की शरीर बावचळतं.

आमचं तर सगळं एका दिवसात बदललं. विहिरीचं पाणी गेलं, टाकीचं आलं. भातसाचं धरण एवढं जवळ, तरी आमच्या बिल्डिंगला टँकर येतो. चुलीवरची भाकरी गेली. खाली मांडी घालून बसणं गेलं, टेबल आलं, डोक्यावर पंखा. गावाला यमुना कामातून उठून जेवायची. इथे काम नाही. सून मनीषा चांगली आहे, सासूला हात लावू देत नाही कशाला.

थोड्या दिवसांत यमुना अर्धी पोळी टाकायला लागली. मग भातही टाकायला लागली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरने रक्त तपासलं आणि म्हणाला, रिपोर्ट चांगला आहे, थोडं वयामुळे होतं, वजनावर लक्ष ठेवा, उतरत गेलं तर कल्याणला मोठ्या दवाखान्यात दाखवू. गोळ्या दिल्या. त्या मी वेळेवर देतो, अडवत नाही. पण रिपोर्ट चांगला आणि ताट भरलेलं परत, हे माझ्या डोक्यात बसेना. तिचा अग्नी मंदावलाय असं मी धरून चाललो. वात वाढलाय.

मग मी कंबर कसली. गार पाणी बंद, कोमट सुरू. जेवणाआधी आल्याचा तुकडा मीठ लावून. भातावर तूप. ती जेवायला बसली की पंखा बंद. मनीषा म्हणाली, "बाबा, आईंचा वात जाईल, पण आमी सगळे वाफेवर शिजू." मी ऐकलं नाही. रोज सकाळी तिची नाडी बघायचो, बायकांची डाव्या हाताची बघतात. बाने शिकवलं होतं, वाताची नाडी सापासारखी सरपटते, पित्ताची बेडकासारखी उडी मारते, कफाची हंसासारखी संथ जाते. मला रोज साप लागायचा. एखाद्या दिवशी लागायचाच नाही, आणि ते जास्त वाईट. बोटं दाबून धरायचो, माझ्याच कानात धडधड व्हायची.

आणि तिन्ही वेळेला समोर खुर्ची घेऊन बसायचो. घास किती मोठा, चावते किती, गिळते का नुसती फिरवते. ती हात आखडायची, मी म्हणायचो, अजून एक. ती उठायची, मी म्हणायचो, बस.

परवा दुपारी तिने घास ताटात परत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"अवो, तुमच्या घरात आल्यापासून मला जेवताना कधी बघितलंय तुमी?"

मी म्हटलं, "म्हंजे?"

"तुमचं झालं, सासऱ्यांचं झालं, पोरांचं झालं, मग मागच्या दारी जावेबरोबर बसायचे मी. गप्पा मारत. चटणी वाटून खायचो, तुमच्या सगळ्यांची उणीदुणी काढायचो. एका पुरुषाने वाकून बघितलं नाय. आता हे असं समोर बसून घास मोजताय. कसा उतरंल तो?"

मनीषा ओट्याशी तोंड फिरवून हसत होती, खांदे हलत होते तिचे.

मी म्हटलं, "तुझा वात वाढलाय."

"माझा नाय वाढला. तुमची बोटं बघा. नाडी माझी धरता आन् थरथरता तुमी. जावा खाली. आन् तो पंखा लावून जावा."

बा मला सांगायचा की जेवणाऱ्याच्या मनाला घोर असला तर चांगलं अन्नही पचत नाही. हे मी दुसऱ्यांना सांगत आलो. घोर मी स्वतः असेन हे मनात आलं नव्हतं. अजूनही सगळं पटलेलं नाही. कोमट पाणी मी सोडणार नाही, आणि आलंही.

पण तिन्ही वेळेला आता खाली येतो. मनीषा तिच्याबरोबर जमिनीवर चटई टाकून बसते. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे, स्वयंपाकघराची खिडकी गेटाकडे. मी खिडकीखाली उभा राहतो. वॉचमन विचारतो, "काका, कुणाची वाट बघताय?" मी म्हणतो, कुणाची नाही. कान मात्र वर खिडकीकडे. वर भांडं वाजलं की वाटतं, ताट सारलं. गप्प झाल्या की वाटतं, उठली. डॉक्टरकडे पुन्हा वजन व्हायचं आहे. आकडा उतरला तर कल्याण.

बाळू, तू फोनवर विचारतोस, घरी कधी येताय. वैशाखऱ्याला येईन रे, सणाला येईन, तिचे गुडघे मानतील तेव्हा येईन. पण घर कुठलं म्हणशील तर मला आता नीट सांगता येत नाही. तिथे सगळा जन्म ती भिंतीपलीकडे जेवली आणि मी निर्धास्त ओटीवर विडी ओढत बसलो. इथे काल खिडकीतून तिचा आवाज आला, "मनीषा, मीठ दे गो जरा. आन् भात हाय का अजून?" मी तिथेच भिंतीला हात लावून उभा राहिलो. तो आवाज खाली ऐकू येतो एवढ्या अंतरावर मी राहणार, मग गाव कुठलंही असो. भात वाढला का नाही ते मात्र मला कळलं नाही. मनीषाला विचारायचं नाही असं ठरवलंय.

विचारलं. ती म्हणाली, "बाबा, खाली जावा."