तवांगच्या पुढे, नाल्याजवळ

नीलिमा सामंत गिरगाव सोडून भाईंदरला जेसल पार्कात राहायला आली, तेव्हा तिच्या बिल्डिंगला नाव होतं, पण रस्त्याला नव्हतं. पत्रं हरवायची. पोस्टमन सदू शेजारच्या खारी गावातला. तो वैतागून म्हणायचा, "ताई, नातेवाइकांना सांगा, खुणा लिहा. नुसत्या नावावर घर शोधायला मी काय ज्योतिषी हाय?" मग तिने सगळ्यांना पत्ता पढवला: पाण्याच्या टाकीसमोर, खारीच्या अलीकडे. पत्रं पोचू लागली.

तिचा एकुलता एक कौस्तुभ फौजेत, सिग्नल्समध्ये. शहाऐंशीच्या दिवाळीनंतर त्याच्या पत्त्यात गाव राहिलं नाही, जिल्हा राहिला नाही. नाव, नंबर, युनिट, मार्फत ५६ ए.पी.ओ. हे फौजी टपालघर, बस्स. पेपरात मात्र अरुणाचलच्या सीमेवर चीनने ठाण मांडल्याच्या बातम्या. एका पेपरात त्यांच्या सैन्याचा एक आकडा, दुसऱ्यात दुप्पट. तिकडचे बोलत नव्हते, इकडचे सांगत नव्हते. बासष्ट साली नीलिमा कॉलेजात होती, जवानांसाठी मोजे विणायची. तेव्हाही कुणी नीट काही सांगितलं नव्हतं. पेपरातली कात्रणं कापून ती कौस्तुभच्या शाळेतल्या नकाशावर लावून बघे. नवरा, दशरथ, म्हणे, "सेनापती, आता जेवायला वाढा."

एप्रिलमध्ये कौस्तुभने लिहिलं की तिची तीन पत्रं महिन्याने एकदम मिळाली. नीलिमाला वाटलं, पत्ताच अपुरा, पोस्टमनने तरी काय करावं. पुढच्या आंतरदेशीय पत्रावर तिने ए.पी.ओ.खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: तवांगच्या पुढे, सुमदोरोंग नाल्याजवळ.

उत्तर आलं ते चारच ओळींचं. "आई, पत्त्यावर जागेचं नाव लिहायचं नसतं. साहेबांनी बोलावून विचारलं, हे आईला कुणी कळवलं? मी म्हटलं, पेपरात वाचलं असेल. त्यांना पटलं की नाही, ठाऊक नाही. आता माझ्या पत्राची वाट बघू नकोस."

म्हणजे तिचा अंदाज बरोबर होता. तो तिथेच होता.

मे गेला, जून गेला. पेपरातल्या बातम्याही आटल्या. तिकडे काही निवळलं म्हणून, की काही घडलं म्हणून, तिला कळेना. पोराचं पत्र तिच्या चुकीमुळे येत नव्हतं, की लिहिणाराच... पुढे ती मनातही जात नसे. सदू आधी फाटकातून हात हलवून नाही म्हणायचा. श्रावण लागेपर्यंत त्याने वर बघायचंही सोडलं.

एका रविवारी दशरथ पॅड घेऊन बसला. युनिटच्या साहेबांना सरळ लिहून विचारतो म्हणाला. नीलिमाने त्याच्या पुढचा कागद काढून घेतला.

"नको. त्यांना वाटेल, घरचे अजून चौकशा करतायत. आता कुठेच काही लिहायचं नाही."

"मग कळणार कसं गं?"

दशरथ पेनाला टोपण न लावता तसाच बसून राहिला.