उशीखालची थरथर

माझ्या नवऱ्याला घरात सगळे ‘एक मिनिट’ म्हणतात. जेवायला हाक मारा, गॅस बंद करायला सांगा, आग लागली म्हणून बोंब मारा, उत्तर तेच. वॉशिंग मशीनच्या आतले कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात तो नोकरीला आहे आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर पुन्हा तोच पसारा मांडतो. मिठाच्या बरणीत मला तारा जोडायच्या सोल्डरचे मणी सापडले आहेत.

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचा नवरा रात्रपाळीला असतो, म्हणून बाळाचा पाळणा तिच्या सासूबाईंच्या खोलीत. रात्री ते रडलं की त्याच उठायच्या. बहिणीला पाळणा स्वतःच्या खोलीत हवा होता. “रडलेलं हिला कळणार कसं?” सासूबाई विचारायच्या. बाई वाईट नाहीत. प्रश्न खराच होता. पण बहीण माझ्याकडे येऊन हमसाहमशी रडली. तेव्हा आमच्या शहाण्याने छातीठोकपणे सांगितलं, “मी करून देतो.” पाळण्याला माइक, उशीखाली मोबाइलमध्ये असते तशी थरथरणारी मोटर आणि मध्ये डब्यात एक चिप. आठवड्याचं काम म्हणाला होता. बाळाला दात आले तरी डबा टेबलावरच.

पहिल्या खेपेला मोटर सलग थरथरायची. बहीण ढिम्म! फ्रिजला टेकून झोपल्यासारखं वाटतं, असं तिने खुणेने सांगितलं. म्हणजे थरथर थांबून थांबून हवी. मग नवरा मला शिकवायला बसला. चिप वीज झरझर चालू-बंद करते, त्यावरून मोटरचा जोर ठरतो. आता त्या झरझरीला फाटक लावायचं. जरा उघडायचं, जरा मिटायचं.

“मग लाव की! माझी परीक्षा आहे का?”

लावलं. पण फाटक उघडं किंवा मिटलेलं ठेवायचं म्हणून त्याने चिपला नुसतं ‘थांब’ सांगितलं होतं आणि थांबलेली चिप माइककडे लक्षच देईना. बाळ गप्प झालं तरी उशी आपली थरथरतेच आहे.

“तुझ्यावरच गेलीय,” मी म्हटलं. “एकदा कामाला लागली की हाक ऐकू येत नाही.”

तो हसलासुद्धा नाही. फाटकाची उघडझाप त्याने चिपमधल्या दुसऱ्या टायमरवर सोपवली, म्हणजे चिप ऐकायला मोकळी. सुटलो म्हणावं, तर कधीकधी फाटक मिटल्यावर मोटर उलट पूर्ण जोराने घरघरायची. फाटक मिटायचं म्हणून नवरा वीज झरझर चालू-बंद करणारा पहिला टायमरच बंद करत होता. नेमका वीज चालू असताना तो बंद पडला की वीज चालूच राहायची. उपाय काय, तर टायमर बंदच करायचा नाही, फक्त जोर शून्यावर आणायचा.

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

मी कपाळावर हात मारला. त्यावर हा म्हणतो, थरथरीचा ताल जरा आणखी सुबक करतो. मी डबा उचलला आणि पिशवीत टाकला.

रविवारी दुपारी बहिणीच्या घरी परीक्षा. ती आतल्या खोलीत झोपली, मोटर उशीखाली. पाळणा बाहेर आमच्यापाशी. बाळ उठलं, तोंड वाकडं केलं, रडलं. सासूबाईंनी झेप घालून उचललं. बाळ गप्प. आत बहीण गाढ झोपलेली.

“बघा, नाही उठली,” सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा पडला. तो मुकाट्याने डब्याचे स्क्रू काढायला लागला. माझं डोकंच फिरलं, पण या वेळी त्याच्यावर नाही.

“अहो काकू, तिला उठायला वेळ तर द्या! बाळ गप्प झालं की डबाही गप्प बसतो.”

“मग काय रडू द्यायचं त्याला?”

“हो. थोडं रडू द्यायचं.”

बाळ पुन्हा झोपलं. सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बाळ रडायला लागलं. डब्यावरचा दिवा थांबून थांबून लुकलुकू लागला. “लालेलाल झालंय हो,” सासूबाई पुटपुटल्या. त्यांचे खांदे हलत होते, पण हात निघाले नाहीत. मलाच उठावंसं वाटत होतं.

दार उघडलं. बहीण आली. केस सुटलेले, गालावर उशीचा वळ. आमच्यापैकी कोणाकडेही न बघता ती सरळ पाळण्यावर वाकली आणि बाळाला छातीशी धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला मिठी मारावी की त्याचा कान पिळावा, कळेना.

संध्याकाळी त्याने आणि मी पाळणा बहिणीच्या खोलीत नेला. सासूबाईंच्या खोलीत पलंगाशेजारी मोकळी जागा राहिली. नवरा माघारी आला तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या.

“मलाही एक करून द्याल?” त्यांनी हळूच विचारलं.

“पण तुम्हाला तर ऐकू येतं.”

“दार लावलं की तिकडचं नाही येत. मी उठणार नाही. ती उठेल. नुसतं कळू दे मला.”

नवऱ्याने खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, “जोर किती ठेवू?”

“अगदी हळू,” त्या म्हणाल्या.