पाक तारमुजींचा काळा पडदा

सालातिगा शहरातल्या एका खाजगी तांत्रिक शाळेत पाक तारमुजी संगणक कक्षाचे प्रमुख होते. तिकडे पुरुषांना आदराने ‘पाक’ म्हणतात, बायकांना ‘बू’. बातिकच्या सदऱ्याखाली ते तिथल्या संगणक-प्रणालीचं बोधचिन्ह असलेल्या पेंग्विनचा टी-शर्ट घालत आणि पेंग्विन दिसावा म्हणून सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी टाकत. माणसाला माज चढायला फार काही लागत नाही. यांना तीस जुनी यंत्रं पुरली.

ही यंत्रं देणगीत आलेली. सुरू केली की समोर काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी पांढरी रेघ. नाव टाका, पासवर्ड टाका, मग ‘स्टार्टएक्स’ टाइप करून एंटर दाबा, तेव्हा कुठे चित्रांचा, खिडक्यांचा पडदा उघडणार. तो आपोआप उघडेल अशी सोय कधीच करता आली असती. पण मग पाक तारमुजींना विचारलं कोणी असतं?

“चित्रं बघायची हौस असेल तर कॅलेंडर बघा,” ते शिक्षकांना सुनावत. “यंत्राशी बोलायचं तर अक्षरांनी बोला.”

प्रत्यक्षात गृहस्थाला ‘स्टार्टएक्स’सारख्या पंधरा-वीस आज्ञा पाठ होत्या. त्यांच्याच जोरावर सहा वर्षं मिरवणं चाललं होतं.

बू लास्त्री त्याच शाळेत नऊ वर्षं कंत्राटावर कारकून होती. दाखले, गुणपत्रकं ती या कक्षातूनच छापत असे. एकदा तिच्याकडून आज्ञेच्या मधोमध जागा सुटली. झालं! दुपारी सगळे तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, खात बसले असताना पाक तारमुजींनी ती गोष्ट रंगवून सांगितली. “बू, चष्मा डोळ्यांना नको, बोटांना लावा!” सगळे खो खो हसले. लास्त्रीही हसली, आणि त्या दिवसापासून तिला या माणसाची शिसारी बसली. मात्र तेव्हापासून ते जे टाइप करत आणि पडद्यावर जे उमटे, ते ती वहीत उतरवू लागली. त्यांना विचारून शिकण्यापेक्षा पाळत ठेवून शिकलेलं बरं, असं तिने ठरवलं.

शेवटी तिने शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष हाजी मुनावीर यांना विनंती केली की पडदा आपोआप उघडेल असं करून घ्या. तारमुजींना हे कळताच ते तडक अध्यक्षांकडे गेले. “यंत्रं उत्तम आहेत, पाक हाजी. बाईंनाच जमत नाही.”

अध्यक्षांनी निकाल दिला. गुरुवारी ते स्वतः येणार. लास्त्रीने त्यांच्यासमोर यंत्र उघडून एक दाखला छापायचा. नाही जमलं तर पुढच्या महिन्यापासून दुसरी कारकून.

यंत्रांवर खापर फुटू नये म्हणून बुधवारी दुपारी तारमुजींनी तीसही यंत्रं तपासली. लास्त्री वापरत असे त्या कार्यालयाच्याच खात्यातून आत शिरले, पण आज्ञेच्या आधी त्यांनी ‘सूडो’ हा शब्द घातला. त्या शब्दाने टाइप करणारा यंत्राचा मालक होतो. पडदा उघडायला त्याची गरज नसते, उलट तसं करू नये असंच सांगितलेलं असतं. पण साध्या माणसासारखं यंत्र उघडणं या महाशयांना कमीपणाचं वाटे. तीस वेळा पडदा उघडला आणि स्वारी खुशीत घरी गेली.

गुरुवारी लास्त्रीने अक्षर न् अक्षर नीट टाइप केलं. पडदा लुकलुकला, चार ओळी उमटल्या आणि पुन्हा ती पांढरी रेघ. दुसऱ्यांदाही तेच. शेजारच्या यंत्रावरही तेच. नऊ वर्षांची नोकरी समोर बुडत होती.

“बघितलंत?” तारमुजी म्हणाले. “यंत्रं मी कालच तपासलीत. उठा बू, सरका बाजूला.” त्यांनी टपटप बोटं चालवली आणि पडदा लख्ख उघडला.

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. “बू लास्त्री, आता मी काय बोलू?”

पण लास्त्रीची नजर त्या बोटांवर होती. “पाक, तुम्ही एक शब्द जास्त टाकलात. तो काढून उघडून दाखवा.”

“त्याने काय फरक पडतो?”

“पडत नसेल तर काढा की!”

“काढा हो,” अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी काढला, आणि पडदा काळाच राहिला. लास्त्रीने वाकून त्या चार ओळी वाचल्या. एका फाइलीत लिहिता येत नाही, असं यंत्र म्हणत होतं. वहीत बघून तिने फाइलींची यादी मालकांच्या नावांसकट काढली.

“पाक हाजी, हे खातं कार्यालयाचं. सगळ्या फाइली कार्यालयाच्या नावावर, फक्त ही एक यंत्राच्या मालकाच्या नावावर गेलीय. हिच्यात लिहिता आलं नाही तर आमच्यासाठी पडदा उघडत नाही. हे त्या जास्तीच्या शब्दाने झालंय.”

अध्यक्ष तारमुजींकडे वळले. “काल किती यंत्रं तपासलीत?”

“तीसच्या तीस!” छाती फुगवून उत्तर आलं. मग आपण काय बोलून बसलो हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि चेहरा पडला.

“बू, आता काय करायचं?” अध्यक्षांनी विचारलं.

“फाइली कार्यालयाच्या नावावर परत करायच्या. आणि पडदा आपोआप उघडेल असं करायचं.”

“किती दिवस लागतील, पाक?”

तारमुजी पुटपुटले, “दिवस नाही लागणार.”

“मग?”

“एका यंत्राला चार मिनिटं.”

सहा वर्षं! लास्त्रीला ओरडावंसं वाटलं. या माणसाने चार मिनिटांसाठी सहा वर्षं सगळ्यांना हात जोडायला लावले होते. पण त्याच्यावर ओरडणंसुद्धा तिला जास्त वाटलं. तिने खुर्ची ओढून पुढे केली.

“बसा, पाक. हे पहिलं करा. मला दाखला छापायचाय.”