लेडीज गाड्या मागे आहेत

जुनी मोटारसायकल शोधायला निघालेल्या माणसाला मोटारसायकल मिळेलच असं नाही. किस्से मात्र हमखास मिळतात. त्यांना आरसी बुक लागत नाही, इन्शुरन्स लागत नाही आणि ठेवायला शेडही लागत नाही. माझ्याकडे यंदा इतके साठलेत, की मांडवीच्या किनाऱ्यावर सकाळी आमचा निवृत्तांचा कट्टा बसतो तिथे मी तोंड उघडलं की लोक चहा पुन्हा सांगतात.

आधी गाडी कशाला, ते सांगते.

गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची थोडी हापूसची कलमं आहेत. हे गेल्यापासून ती मीच बघते. ऑफिसात होते तेव्हा रविवारी जायची, कारकुनी संपल्यापासून रोज जाते. सकाळची एसटी बंद झाली तेव्हा स्कूटर होती. गेल्या पावसाळ्यात स्कूटरचं पुढचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि मी शेजारच्या करवंदीत. मनगट मोडलं.

प्लास्टर ओलं होतं तोवरच भावोजी आले. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. सातबाऱ्यावर त्यांचंही नाव आहे आणि ते याचा विसर पडू देत नाहीत. म्हणाले, "वहिनी, आता बस झालं. बाग कराराने देऊन टाकू."

मी म्हटलं, यात माझ्या वयाचा काही दोष नाही, छोट्या चाकाचा आहे. मोठं चाक खड्ड्यात बुडत नाही, वरून निघून जातं. तेव्हा मी मोटारसायकल घेणार. गियरची गाडी मला येते. लग्नानंतर ह्यांनीच सड्यावर शिकवली होती आणि शिकवताना स्वतः दोनदा पडले होते. लायसनवरही गियरची गाडी लिहिलेली आहे.

भावोजींनी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मग एक मुदत दिली. मोहोर यायच्या आत गाडी दारात उभी असली तर बाग माझ्याकडे, नाहीतर करारवाल्याकडे.

नवी गाडी घेण्याइतकी माझी पेन्शन नाही आणि नवी गाडी त्या रस्त्यावर नेण्याइतकी मी उधळी नाही. म्हणून जुनी. सोबतीला साळवींना घेतलं. साळवी आमच्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. उंच, पांढऱ्या मिशा, बोलणं कमी. आयुष्यभर साहेबांना फिरवल्यामुळे स्वतःच साहेब दिसायला लागलेले. त्यांच्याविषयी आणखी एकच गोष्ट सांगायची राहिली : त्यांना दुचाकी येत नाही.

*

पहिलं दुकान शहरातलंच. जुन्या गाड्या ओळीने उभ्या, सगळ्यांना पॉलिश, जणू वधूवर मेळावा. मी एका मोटारसायकलीजवळ थांबले तर दुकानदार लगबगीने आला आणि म्हणाला, "मॅडम, लेडीज गाड्या मागे आहेत."

मी म्हटलं, मला हीच बघायची आहे. टायर कधीचा आहे?

"दोन महिन्यांपूर्वी टाकलाय साहेब," त्याने साळवींना सांगितलं.

चेन? तीही साळवींना सांगितली. कागद साळवींच्या हातात दिले. किल्ली साळवींच्या हातात दिली. साळवींनी कागद माझ्याकडे दिले, किल्ली माझ्याकडे दिली, जसं काही ते खिडकीवरचे शिपाई. मी गाडीवर बसले तेव्हा दुकानदाराला राहवेना. साहेबांना एकदा चालवून बघू दे, असं तो मला म्हणाला. साहेबांना येत नाही, असं मी त्याला सांगितलं.

त्याला मनापासून वाईट वाटलं. साळवींना बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "शिकून घ्या ना साहेब. मॅडमना किती दिवस चालवायला लावणार?"

*

दुसरी गाडी लोट्याच्या कारखान्यातल्या एका कामगाराची. जाहिरातीचा फोटो इतका चकचकीत की माझ्या मोबाइलची काच स्वच्छ झाल्यासारखी वाटली. मीटरवर अकरा हजार. तो म्हणाला की कामाला कंपनीची बस आहे, गाडी फक्त रविवारी देवळापर्यंत.

मी खाली वाकले. सीट नवी, रंग नवा, हँडलचे रबर नवे. पण गियरच्या दांडीवरचं रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं आणि पाय ठेवायच्या जागी खळगा पडला होता. रविवारच्या रविवार देवदर्शनाने एवढं व्हायचं तर देव बराच लांब असला पाहिजे. ऑफिसात मी वय कमी करून घेतलेल्या माणसांचे पुष्कळ अर्ज हाताळलेत. ती माणसं केस काळे करून यायची, पण गुडघ्यांना काय सांगायचं हे त्यांनी ठरवलेलं नसायचं.

मी त्याला दांडी दाखवली. तो बिचारा प्रामाणिक निघाला.

"मधे मीटर बंद होता मॅडम."

"किती दिवस?"

"चालवली तेवढे दिवस."

*

पोफळीच्या कॉलनीतल्या गृहस्थांची गाडी मात्र खरोखर चांगली होती. हे सद्गृहस्थ पॉवरहाऊसमधून निवृत्त झालेले. गाडीवर आधी जुनी चादर, तिच्यावर प्लॅस्टिक, त्याच्यावर परत चादर. एवढी पांघरुणं त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांनाही घातली नसतील.

मी प्रश्न विचारायच्या आत त्यांनीच सुरू केलं. कोण चालवणार? रस्ता डांबरी की कच्चा? घरी शेड आहे का? अंगणात कसली झाडं आहेत? फणस आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मी दोन पुतण्यांची लग्नं जमवलीत, पण एवढी चौकशी मुलीच्या आत्यानेही केली नव्हती.

चालवून बघू का म्हटलं तर म्हणाले, बाहेर चिखल आहे. चिखल नव्हता, नळाचं पाणी सांडलं होतं. शेवटी कॉलनीत एक फेरी मारायची परवानगी मिळाली आणि ते शेजारून चालत आले. दुसरा गियर टाकला तेव्हा धावत आले.

परत आल्यावर त्यांनी गाडी पुसली, तिन्ही पांघरुणं घातली आणि म्हणाले, "घरात बोलून कळवतो." मी विचारलं, घरात कोण कोण आहे? तर ते एकटेच राहतात.

*

या सगळ्यात दिवाळी झाली. एका सकाळी भावोजी करारवाल्याला घेऊन दारात हजर. सोबत टाइप केलेला करारनामा. करारवाला गोड बोलणारा होता. काकूंनी आता आराम करावा, फवारणी, राखण, काढणी सगळं आपण बघू, असं सांगत होता. मी त्याचं ऐकत ऐकत अंगणात गेले आणि त्याची मोटारसायकल बघायला लागले. एवढ्या गाड्या बघितल्यावर सवयच लागते.

मागचा टायर टकलासारखा गुळगुळीत. चेन सुटलेल्या पोटासारखी लोंबत होती. आरसा एकच, तोही आभाळाकडे तोंड करून.

"रोज ज्याच्यावर बसता त्याची ही दशा," मी म्हटलं. "वर्षातून एकदा फळ देणाऱ्या झाडाचं काय कराल?"

भावोजी म्हणाले की वहिनी, गाडीचा आणि कलमांचा काय संबंध? करारवाला मात्र वाकून आपली चेन बघायला लागला. दुसऱ्या दिवशी नवा टायर, घट्ट चेन आणि दोन आरसे लावून परत आला. मी गाडीभोवती फेरी मारून त्याला शाबासकी दिली. बाग दिली नाही.

*

मंडणगडच्या गुरुजींची गाडी बघायला आमचा अख्खा दिवस गेला. गुरुजी सज्जन. व्यवहार ठरायच्या आत ते म्हणाले, बाई, आमच्यात देवीचा कौल घेतल्याशिवाय काही विकत नाहीत. म्हशीचाही घेतला होता.

मी म्हटलं, कौल घ्या, तोवर मी ब्रेक बघते. देवळासमोर छान उतार होता. आत गुरवाने देवीला कौलाच्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. बाहेर मी गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली. पुढचा ब्रेक दाबला तर दांडा थेट मुठीला टेकला. मागचा दाबला तर पाय खाली गेला आणि तिथेच राहिला. गाडी थांबली ती देवळाच्या दगडी गडग्याला टेकून. वेग नव्हता म्हणून गडगा वाचला.

तेवढ्यात गुरुजी आनंदाने बाहेर आले. "उजवा पडला बाई! उजवा! देवीची परवानगी आहे."

मी हेल्मेट काढलं आणि म्हटलं, "गुरुजी, देवीने तुम्हाला विकायला सांगितलंय. मला घ्यायला सांगितलेलं नाही."

परतीच्या एसटीत साळवी खेड येईपर्यंत हसत होते.

*

बागेत खालच्या अंगाच्या दोन कलमांना मोहोर फुटला तेव्हा भावोजींनी मला फोन करून अभिनंदन केलं. त्यांचं म्हणणं मला समजलं. दोन कलमं म्हणजे बाग नव्हे, असं मी त्यांना सांगितलं.

आता एकच गाडी उरली होती, खाडीपलीकडची. मालक शिपवर नोकरीला. गाडी विकायची म्हणून त्याने तिथूनच चारचौघांना सांगून ठेवलेलं, पण ती विकली जात नव्हती. कट्ट्यावरचे तिघे बघून आले होते. एकाला कळलं की इंजिन ऑइल पितं. दुसऱ्याला कळलं की घाटात तापून बंद पडते. तिसऱ्याला तर कळलं की तिचा मोठा अपघात झालाय. हे सगळं त्यांना मालकाच्या बायकोनेच सांगितलेलं.

साळवी म्हणाले, सोडून द्या. मी म्हटलं, मी एवढी हिंडले, गाडीचा दोष सांगणारा विकणारा मला अजून भेटला नाही. इथे तर तीन दोष, तेही एकाच तोंडातून. जाऊन तर येऊ.

मालकाची बायको सुप्रिया, तिशी-पस्तिशीची. सासूबाई ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या. शेडमध्ये गाडी डबल स्टँडवर उभी. खाऱ्या वाऱ्याची गाडी म्हणजे गंज धरूनच चालायचं, पण हिच्या स्पोकवरसुद्धा डाग नव्हता. चेनला ताजं तेल. पहिल्या किकला चालू झाली आणि घड्याळासारखी चालत राहिली. ना धूर, ना ठोका, ना अपघाताची एक खूण.

"ऑइल पिते काकू," सुप्रिया म्हणाली.

मी ऑइलची काडी काढून तिला दाखवली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. मग ती म्हणाली की लाइटचा पण काहीतरी प्रॉब्लेम आहे. लाइट लावली तर समोरच्या भिंतीवर लख्ख पडली.

नवरा नसताना गाडी एवढी चांगली कशी राहिली, असं मी विचारलं. ती म्हणाली, रोज चालू करते, हे फोनवर सांगतात तसं. तेवढ्यात ओटीवरून सासूबाई बोलल्या.

"नुसती चालू नाय करीत. वर बसते, गियर टाकते, मागचं चाक जाग्यावर फिरत रवतं. अर्धा अर्धा तास. परवा पावस गावाला जाऊन आली म्हणते."

सुप्रियाचे कान लाल झाले. शहरात ती स्कूटी चालवते, लायसन आहे, पण ही गाडी जड आहे, पडशील, म्हणून नवऱ्याने कधी स्टँडवरून खाली घेऊ दिली नव्हती. मीटरची केबल पुढच्या चाकाला असते. त्यामुळे यातलं काहीच मीटरवर आलेलं नव्हतं.

मी माझं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं आणि पट्टा लावला.

"काढ स्टँड."

"मला नाय येत काकू."

"पावसला जाऊन आलीस ना?"

साळवींनी मागून आधार दिला. गाडी धप्पकन खाली आली. अंगणात ती एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा बंद पडली, तिसऱ्यांदा फाटकातून बाहेर गेली. पहिला गियर ऐकू आला, मग दुसरा, मग वळणापलीकडे तिसरा. मग काहीच नाही.

आम्ही ओटीवर बसलो. माझे कान वळणाकडे. ती पडली तर तिचं मनगट गेलं आणि माझी बाग. कोकमाचं सरबत झालं. सासूबाईंनी कातरणं थांबवून आम्हा दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी तुमाला घेयाची ना? मग ही कशाला गेली?"

साळवी म्हणाले, "ट्रायलला."

मग शिपवरून व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी फोन कपाळाजवळ धरला. मुलगा विचारत होता, गाडी बघायला कोणी आलं का. त्या म्हणाल्या, "माणसं आलीत. गाडी नाय आता हितं."

पुढचं बोलणं त्यांना ऐकू येईना म्हणून त्यांनी फोन बंद केला.

बऱ्याच वेळाने चढावर तिसरा गियर ऐकू आला, मग दुसरा. सुप्रिया फाटकातून आत आली, गाडी शेडमध्ये नेली, एकटीने डबल स्टँडवर चढवली. पायांवर गुडघ्यांपर्यंत तांबडी धूळ. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि त्यात किल्ली टाकली.

"काकू, खड्ड्यातनं जाताना पुढचं शॉकअप वाजतं," ती म्हणाली. "तेवढं करून घ्या."