गाणारीसाठी सोडलेली जागा

"देवानंद, तुझं ते ढुम-ढुम तीन वर्षं माझ्या डोक्यावर चाललं आहे. रविवारी अकोल्याच्या लोकांनी ऐकून घेतलं तर जन्मभर वाजव, मी तोंड उघडणार नाही. नाही ऐकलं तर गिटार तिथेच शालिकरामच्या वाद्यांच्या दुकानात देऊन ये, त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे. आणि सोमवारपासून बापाच्या फुलांच्या दुकानात बस. मधे लोंबकळायचं नाही. सोबतची लोणच्याची बरणी मात्र काहीही झालं तरी शालिकरामला पोचव. — वच्छलाबाई."

देवानंदने चिठ्ठी गिटारच्या पिशवीत कोंबली. वच्छलाबाई त्याच्या घरमालकीण, अमरावतीच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या. त्यांच्याशी वाद घालून कोणाचं भलं झालेलं नव्हतं.

अकरा वर्षं तो ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवत होता. जाड तारांचं हे वाद्य बंद पडलं, तरच ते होतं हे लोकांना कळतं. पुढे मालकाने ते काम लॅपटॉपवर सोपवलं आणि देवानंद घरी बसला. मग हट्टाने एकट्यानेच वाजवायला लागला: अंगठ्याने जाड तारेवर ठेका, बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर आईच्या भुलाबाईच्या गाण्यांच्या चाली.

अकोल्यात फूल-भाजीवाल्यांचा मेळावा होता. देवानंदने दोन ओळी वाजवल्या आणि थांबला. पुन्हा दोन ओळी, पुन्हा थांबला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

पहिल्या रांगेतून महादेवराव बागवाले ओरडले, "झाली का टेस्टिंग? गाणारी कुठी हाय?"

"गाणारी नाही, काका. हाच कार्यक्रम हाय."

"एकटाच?"

"एकटाच."

"मंग थांबून कावून राहिला गा?"

हॉल खो-खो हसला. देवानंदने तारांवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. खरंच, कावून? का थांबत होता तो? ऑर्केस्ट्रात दोन ओळींनंतर गाणारी यायची, बासने तिला जागा द्यायची. आता यायला कोणी नव्हतं, तरी त्याचा हात अदबीने बाजूला होत होता! तीन वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं, वच्छलाबाईसुद्धा नाही.

त्याने पुन्हा सुरुवात केली. ती जागा आली, आणि तो तिच्यातून तसाच पुढे गेला. तिसऱ्या ओळीला मागच्या बायका टाळ्यांचा ठेका धरून होत्या. वाजवणं संपलं तेव्हा महादेवराव म्हणाले, "आता कसं! हेच अजून एक डाव होऊ द्या."

देवानंदच्या छातीवरचा दगड तिथे स्टेजवरच उतरला. दुसऱ्यांदा तर तो वाजवता वाजवता हसत होता.

संध्याकाळच्या एसटीत गिटार मांडीवर आडवी घेऊन तो असा गाढ झोपला, की कंडक्टरने अमरावतीला हलवून उठवलं. वच्छलाबाई फाटकातच उभ्या होत्या. पाठीवरची गिटार पाहून त्यांनीही श्वास सोडला. पण कबूल कशाला करतील?

"म्हणजे छळ चालूच राहणार. बरं, शालिकरामला बरणी दिलीस?"

देवानंदने जीभ चावली. दुकान बसस्टँडला लागूनच होतं.

"पुढच्या खेपेला देतो, मावशी."

त्यानंतर तो सहादा अकोल्याला वाजवून आला. बरणी मात्र कधीच पोचली नाही; ती त्याने आणि वच्छलाबाईंनी मिळून पौषातच संपवली.