नेपच्यूनपलीकडच्या लेकराचं बारसं

चर्र.

सूर्यग्रहण लागलेलं असताना विळीवर काकडी चिरल्याचा हा आवाज. त्या एका काकडीपायी माझा मित्र प्रभाकर सख्ख्या बहिणीला मुकला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

मी आणि प्रभाकर बाळापूरच्या शाळेत एका बाकावर. मी कवितांना चाली लावायचो, तो खिडकीतून वर बघत बसायचा. मास्तर दोघांनाही सारखंच झोडायचे.

पुढे तो अमरावतीला फिजिक्स शिकवू लागला. धाकटी बहीण कमल वरूडला दिलेली, संत्र्यांच्या बागा असलेल्या घरात. तिला दिवस गेले होते, म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो आणि नेमकं ग्रहण आलं.

गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं नसतं. कमल बिचारी हात मांडीवर घेऊन खोलीत बसलेली. प्रभाकरनं तिच्यापुढे विळी मांडली. सूर्य, चंद्र, सावली, सगळं समजावलं. भावाच्या शब्दाखातर तिनं काकडी चिरली.

दारात सासूबाई उभ्या.

मुलगा अगदी ठणठणीत झाला. पण रडला तरी काकडी, दात उशिरा आले तरी काकडी. दहावीत गणितात नापास झाला, तेव्हाही सासूबाईंनी काकडीच काढली.

शेवटी कमल म्हणाली, "दादा, तुयं सूर्य-चंद्राचं तुया घरी ठेव. मले इथंच नांदाचं हाये."

राखी बंद. भाऊबीज बंद.

रिटायर झाल्यावर प्रभाकरला बर्फाचं वेड लागलं. गोळेवाल्याकडच्या नव्हे. नेपच्यूनच्याही पलीकडे अंधारात फिरणाऱ्या बर्फाळ धोंड्यांचं.

सूर्यमाला घडली, त्या वेळी उरलेला हा माल, असं तो म्हणायचा. लग्न आटोपल्यावर मांडवात पडून राहिलेल्या सामानासारखा.

"आपण सारे शिजलो बे," तो सांगायचा, "ते तसेच कच्चे राह्यले. म्हणून त्यायले पाहाचं."

मी शाळेतल्या कवितांवर वाढलेला माणूस. हे ऐकलं की माझं डोकं आपोआप डोलायचं.

परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीनं काढलेले फोटो इंटरनेटवर येत. आकाशाचा एकच तुकडा, थोड्या थोड्या वेळानं टिपलेला. तारे जागच्या जागी. त्यात एखादा ठिपका सरकला, तर तो आपला.

मे महिन्यात, कूलरपुढे, बनियनवर बसून हा माणूस उणे दोनशेच्या खालचा बर्फ शोधायचा.

एकदा सापडला म्हणून मला अकोल्याला फोन. मी पेढे घेऊन पोचेपर्यंत सुशीलावहिनींनी ओल्या फडक्यानं स्क्रीन पुसली होती. शोध फडक्याला लागून आला. माशीचा होता.

पेढे मात्र खाल्ले.

मग खरोखरचा एक सापडला. तिकडच्या लोकांनीही तपासून होकार दिला. त्याला नाव काय मिळालं? अक्षरं आणि आकडे. ट्रकच्या नंबर प्लेटसारखं. खरं नाव ठेवायला आधी कक्षा पक्की व्हावी लागते. त्याला वर्षानुवर्षं लागतात, मग कमिटी बसते.

प्रभाकरच्या हृदयाकडे एवढी वर्षं नव्हती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "पाळण्यातल्या नावाले कमिटी कायले लागते? कागदावरचं मंग पाहू."

झालं, बारसं ठरलं.

प्रभाकरनं बाळापूरच्या शेतातली काळी माती आणली, पाण्यात कालवली आणि स्टीलच्या वाटीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली. खरा गोळाही असाच असतो म्हणे, बर्फ आणि काळं काहीबाही. मी चंद्रबिंब, हिमकुसुम अशी नावं सुचवली. त्यानं ती हातानंच झटकली.

"नाव आत्याच ठेवते," म्हणाला. "कमलले फोन लाव."

ग्रहण न मानणारा हा माणूस आत्यावर अडून बसला.

फोन मी केला. बारसं आहे, नाव ठेवायला ये, एवढंच म्हणालो. कमलनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लेकरू कोनाचं?"

मी म्हणालो, "प्रभाकरचं."

तिनं फोन ठेवून दिला. सत्तरी उलटलेल्या भावाबद्दल असं ऐकून कोणीही ठेवला असता.

बारशाला सगळी गल्ली आली. शेजारचा पाळणा, घुगऱ्या, दुपट्यात गुंडाळलेला गोळा. आणि बाहेर अमरावतीचं ऊन.

प्रभाकर दाराकडे बघत होता. "थांबा अजून थोडं." गोळा वितळू लागला. "येईन कमल. थांबा." पाळण्याखाली काळं पाणी टपकू लागलं.

एक म्हातारी वाकून म्हणाली, "बाई, लेकरानं दुपटं ओलं केलं."

सगळा हॉल हसला. मी म्हटलं, मीच बनतो आत्या. डोक्यावर टॉवेलचा पदर घेतला. माझ्या पाठीत बुक्के घालायला बायका तयारच होत्या.

प्रभाकर एकटा हसला नाही.

"राहू दे," म्हणाला. "आत्या आल्याबिगर नाव नाई."

वहिनींनी दुपटं धुवायला नेलं. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "यायले नाव नाई पायजे, भाऊजी. बहीण पायजे."

थंडीत तो गेला. दुपारी, खुर्चीत, स्क्रीन चालू असताना. कमलला निरोप धाडला, लेकराचं नाव राहिल्याचंही कळवलं. ती आली नाही.

आज वर्षश्राद्धाला अकोल्याहून सकाळच्या एसटीनं आलो. वहिनींच्या हॉलमध्ये बसून एका बोटानं हे टाइप करून राहिलो आहे.

प्रभाकरा, तुझा गोळा बिननावाचाच फिरतो आहे. थंड आहे, सुखरूप आहे. तूही सुखरूप राहा, मित्रा. येतो.

इथं पोस्ट संपवत होतो, तर दार वाजलं. उघडायला मीच गेलो.

उंबऱ्यात काठी टेकून एक वाकलेली म्हातारी, नव्वदीची तरी असेल. वरूडच्या सासूबाई! दुसऱ्या हातानं त्यांनी मागच्या बाईचं मनगट घट्ट धरलेलं. ती खाली मान घालून उभी. कमल.

सासूबाईंनी तिला माझ्यापुढे ढकललं.

"लेकराचं नाव ठेवाचं राह्यलं म्हनते ना," त्या म्हणाल्या. "हे घ्या. आत्या आनली."