दोघी असू तरच

नववीच्या त्या पावसाळ्यात मी देवाकडे रोज एकच मागणं मागायची: उद्या मैदानावर चिखल होऊ दे. देवानं ते कधी मनावर घेतलं नाही. आमच्याकडचा पाऊस शेतात पडायचा, रस्त्यावर पडायचा, शाळेच्या मैदानाचं मात्र त्याला वावडं होतं. मैदान कोरडं म्हणजे सराव, आणि सराव म्हणजे सर.

आम्ही दोघी कोरीटहून एसटीनं नंदुरबारला शाळेत जायचो. दोघी म्हणजे मी आणि माझी चुलत बहीण. घर एक, वर्ग एक, बाकही एकच. खो-खोच्या संघात दोघींची निवड झाली तेव्हा घरात बराच खल झाला, कारण शाळा सुटल्यावर सराव म्हणजे परत यायला अंधार पडणार. शेवटी तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, निकाल दिला. "दोन्ही संगे जाशात, संगे येशात. एक नही गई तं दुसरी बी घर." तेवढ्यावर न थांबता ते शाळेत येऊन सरांनाही हे बजावून गेले. सरांनी हसून मान डोलावली होती.

सर कोणाला मारत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. ते शिव्याही देत नसत. गावात सगळे अहिराणी बोलायचे, सर मात्र पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि त्याच मराठीत माणसाचं सालपट काढायचे. त्यांची रीत वेगळी होती. जिची चूक झाली तिला ते कडुलिंबाखाली स्वतःच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे, हातात पाण्याची बाटली द्यायचे आणि बाकीच्या सगळ्यांना मैदानाभोवती पळवायचे. बसलेलीनं फक्त बघायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरानं सावलीत बसून ती फाशी पाहायची. "हिला विश्रांतीची गरज आहे," सर बाकीच्यांना सांगायचे, "तुम्ही तिच्यासाठी पळा."

माझी चूक ठरलेली होती. खो मिळायच्या आत मी उठायची. चौकोनात बसलं की पाठीमागून कोणाचा हात कधी पडेल याकडे लक्ष ठेवायचं, हात पडला, "खो" ऐकू आला, की मगच उठायचं. मला हे नीट कळत होतं. पण सर नुसते माझ्या बाजूला वळले तरी अंग आपोआप उठायचं. शिट्टी वाजायची. "चल, महाराणी," सर म्हणायचे, आणि मी खुर्चीकडे चालू लागायची. भीतीनं चूक व्हायची आणि चुकीनं भीती वाढायची. यातून बाहेर कसं पडायचं ते मला कोणी सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात मुलींना माझी दया आली. पुढं त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. मग डबा खाताना मी जाऊन बसले की गोल सरकायचा आणि माझ्यापुरती जागा काही केल्या व्हायची नाही. मी त्यांना दोष देत नाही. रोज दुसरीच्या चुकीपायी पळावं लागलं असतं तर मीही तेच केलं असतं. माझी बहीण मात्र कधी चकार शब्द बोलली नाही. तीही माझ्यासाठी पळायची, सगळ्यांच्या पुढं.

आणि काय पळायची! आमच्या अख्ख्या संघात खेळाडू म्हणावी अशी ती एकटीच होती. खांबाजवळ अशी गर्रकन वळायची की पाठलाग करणारी पुढं निघून जायची आणि ही मागं हसत उभी. जिल्ह्याच्या सामन्यांत ती दिसली की पुढची निवड पक्की, असं सर स्वतः म्हणायचे. घरी ती रात्री पडल्या पडल्या मला सांगायची की एकदा तरी रेल्वेत बसून, शाळेचं नाव छातीवर लावून, कुठंतरी लांब खेळायला जायचं आहे. मी हुं म्हणायची आणि तोंड भिंतीकडे करायची.

कारण मला सोडायचं होतं. दुसरा विचारच डोक्यात नव्हता. शाळेचा जिना उतरताना वाटायचं, पाय घसरावा, हाड मोडावं, म्हणजे कोणाला काही सांगायला नको. पण मी सोडलं की ती घरी बसणार होती. काकांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. आईनं एकदा विचारलं, "काय व्हयनं वं तुले? तोंड कसं उतरी गयं." मी म्हटलं, अभ्यास फार आहे. सरांचं खरं सांगितलं असतं तर दोघींचा खेळ काढून घ्यायला घरात तेवढं निमित्त पुरलं असतं, म्हणून सांगण्याचीही सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

श्रावणात कानबाई आली. आमच्या खानदेशात रविवारी ही देवी घरोघरी बसते, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही, आणि भाऊबंदांतल्या कोणी गैरहजर राहायचं नाही. सुरतेला कामाला गेलेले चुलतेसुद्धा त्या दिवशी येतात. सरांनी नेमका त्याच रविवारी जादा सराव ठेवला. सामने जवळ आले होते. आम्ही दोघींनी सुट्टी मागितली. सर म्हणाले, "देव हवा की संघ, तुम्ही ठरवा." आमच्या घरात हे ठरवायचा प्रश्नच नव्हता. आम्ही गेलो नाही.

मंगळवारी मैदानावर सरांनी मला एकटीला खुर्ची दाखवली. रविवारी दोघी आलो नव्हतो, पण बसायचं मी आणि पळायचं बहिणीनं. "घरी देवी बसवली होती ना? आपणही बसवू," सर म्हणाले. ऊन कडक पडलं होतं. मुली पळू लागल्या. सर थांबा म्हणेनात. थोड्या वेळानं माझी बहीण कुंपणाशी वाकली आणि ओकली, तोंड पुसलं आणि पुन्हा पळायला लागली.

माझं डोकं फिरलं. मी बाटली फेकली, उठले आणि तिच्या मागं पळत सुटले. सर ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "ही उठली. फेऱ्या दुप्पट." त्याबरोबर सगळ्या मुली माझ्यावर ओरडू लागल्या. "बठ ना वं, बाई! बठ खाले!" एक तर हात जोडून रडत होती. बहीणही मान हलवून मला जा, जा असं खुणावत होती. मी परत जाऊन खुर्चीवर बसले. त्या बसण्याची आठवण आजही आली की मला दुःख होत नाही, राग येतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, मला खेळायचं नाही. पण मी रोज मैदानावर येऊन बसेन, बहिणीसोबत जाईन. घरी कळणार नाही. तुम्ही फक्त सांगू नका." रात्रभर जागून काढलेली ती युक्ती होती. मला वाटलं होतं, यात सरांचंही काही जात नाही.

सर चहा पीत होते. कप खाली ठेवून त्यांनी मला अगदी समजुतीनं सांगितलं, खेळाचा नियम सांगावा तसं. "मी खोटं बोलणार नाही. तू सोडलंस तर तुझ्या काकांना कळवणं माझं काम आहे. मग तुझी बहीण घरी. आणि वेडे, खुर्चीवर मी तुलाच का बसवतो? चुका काय सगळ्याच करतात. दुसरी एखादी केव्हाच पळून गेली असती. तू जाऊ शकत नाहीस. संघाला धाकात ठेवायला अशी एक लागते."

मी बाहेर आले. वर्ग, तास, घंटा काही आठवत नाही. एवढंच आठवतं की आता निवडायला दोनच गोष्टी उरल्या होत्या. हे पोटात ठेवून सामन्यांपर्यंत, निवडीपर्यंत, पुढची दोन वर्षं त्या खुर्चीवर बसायचं. किंवा तिला सांगायचं. मी तिला ओळखत होते. सांगितलं की काय होणार हे मला पक्कं माहीत होतं.

बसमध्ये मी तिला सांगितलं. शब्द न् शब्द.

गाव आलं, आम्ही उतरलो, गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. "सकाय पासून मी नही जावाव," ती म्हणाली. "तू नको म्हनजो घरमा काही. मी सांगसू, मन्हं मन भरी गयं." आणि तिनं घरी तसंच सांगितलं: उद्यापासून सराव बंद. काकांनी फार विचारलं नाही. पोरीच्या डोक्यातलं खेळाचं खूळ गेलं म्हणून ते खूशच झाले असावेत.

सामने झाले तो सुट्टीचा दिवस होता. आम्ही दोघी घरच्यांबरोबर मिरचीच्या वावरात निंदत होतो. शेजारच्या बांधावरचं वासरू सुटलं आणि थेट पिकात घुसलं. कोणी काही म्हणायच्या आत ती उठली. ओळींमधून, एकही रोप न तुडवता, ती त्याच्या पुढं गेली, वळली, पुन्हा वळली, आणि वासरू बुचकळ्यात पडून जागीच थांबलं. तिनं त्याला कानाशी धरून परत आणलं.

काका तिचं पळणं बघून बांधावर कौतुकानं हसत उभे होते. "भलती पयस हाई पोर!" ते मला म्हणाले. "तुमनी शाळामा हिन्हासारखी शे का कोनी?"

ती त्यांच्यासमोरून गेली, विळा उचलला आणि आपल्या ओळीत निंदायला बसली.